सतरा नंबरचं झाड

“मग यातलं सतरा नंबरचं झाड कोणतं, महाराज?”

सोमगीर महाराज आढीवरचं गवत बाजूला सारत होते. पिकायला घातलेला एकेक आंबा उचलायचा, देठाशी हुंगायचा आणि पुन्हा गवतात ठेवायचा, असं त्यांचं सावकाश चाललं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

“सतरा...? इथं मोजून कुणी लावली नाहीत, डॉक्टर.”

‘डॉक्टर’ हे विश्वंभरला झोंबलं. याच माणसानं एके काळी कान धरून त्याला या आमराईत फिरवलं होतं. तेव्हा हाक असायची ती ‘अरे ए’ अशीच.

“महाराज, मला अहो-जाहो काय करता? मी विश्वंभर.”

“ते कळलं की.” महाराजांनी मांडीखालून एक कार्ड काढलं. मघाशी आल्या आल्या विश्वंभरनंच ते त्यांच्या हातात दिलं होतं. “इथं लिहिलंय. डॉक्टर विश्वंभर ढगे. प्रमुख, फळ संशोधन विभाग. अक्षर बारीक आहे, पण वाचता येतं.”

विश्वंभर ओट्याच्या कडेला टेकला आणि रुमालानं मान पुसू लागला.

सावरखेडच्या शिवारात, मन्याड नदीच्या काठाला, गोसाव्यांचा हा मठ. मठ म्हणजे तरी काय, एक समाधी, एक पत्र्याची खोली, एक विहीर आणि गावरान आंब्यांची आमराई. विश्वंभरचा बाप तो पाळण्यात असतानाच गेला. आई, अनसाबाई, मठात आंबे वेचायला आणि आढी लावायला यायची. ती कामात, आणि पोरगं महाराजांच्या मागं मागं.

महाराजांनी त्याला काय शिकवलं? डोळे बांधायचे, झाडाच्या बुंध्यावर हात ठेवायला लावायचा आणि विचारायचं, “कोण हे?” चुकला की टपली. बाराव्या वर्षापर्यंत त्याला सगळी आमराई हातानं ओळखता यायची. पुढं जे काय शिक्षण झालं, ते सगळं त्या टपल्यांवर उभं राहिलं. हे तो भाषणात सांगायचाही. टाळ्या पडायच्या.

पण सांगणं वेगळं आणि येणं वेगळं. चौतीस वर्षांत तो मठाची पायरी चढला नव्हता. गावात लग्नकार्याला यायचा, गाडीतून उतरायचा, अक्षता टाकायचा, की निघाला. नदीपलीकडं कोण जातंय!

आज आला होता, कारण अडलं होतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या विभागात मोठा कार्यक्रम होता. आंब्याच्या एका नव्या वाणाला नाव द्यायचं होतं. वाण गावरान, चव अशी की कलमी आंब्यांनी तोंड लपवावं. नाव ठरलं होतं ‘अनसूया’. लेबलं छापून झाली होती. गोल, सोनेरी काठाची, वर नाव, खाली नंबर, आणि त्याखाली काळ्या चौकटींची ती जाळी. तिच्यावर मोबाइल धरला की फळाच्या सात पिढ्या समोर येतात. एकच गोष्ट राहिली होती. ज्या झाडाच्या काड्या घेऊन कलमं बांधायची, ते झाडच सापडायचं होतं.

बाजारात तुरी, म्हणतात ना, त्यातला प्रकार. पण विश्वंभरला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. झाड आहे, नंबर आहे, वहीत नोंद आहे. जाऊन काड्या आणायच्या, एवढंच.

आणि खरं सांगायचं, तर कार्यक्रम हे निमित्त. त्याला आईचं नाव कुठंतरी लावायचं होतं.

अनसाबाई तीन वर्षांमागं गेली. शेवटची बरीच वर्षं ती त्याच्याकडं शहरात, तिसऱ्या मजल्यावर होती. तिथं तिचा जीव कशातच रमला नाही. सून फळं आणायची. सफरचंद, नासपती, कुठून कुठून आलेली संत्री. म्हातारी फळावरचं स्टिकर नखानं अलगद काढायची आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर चिकटवायची.

“बाई बाई, फळाला टिकली कुनी लावली गं ही?”

सून हसायची. विश्वंभर समजावायचा, “आई, ते नाव आहे त्याचं.”

“मंग ते आईकतंय का नावानं हाक मारली की?”

ती गेली, तेव्हा चौकटीवर दोन रांगा भरतील एवढी स्टिकरांची नक्षी झाली होती. रंगारी ते खरवडायला आला, तर विश्वंभरनं त्याला हात लावू दिला नाही. रंगाऱ्यासमोरच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसांतच त्याला तिचं एक बोलणं आठवलं. बाजारातला महागाचा आंबा खाऊन ती म्हणाली होती, “गोड हाय. पर तुझ्या नंबरच्या झाडाचा... तसला पुन्हा न्हाई.”

“कुठल्या नंबरच्या?”

“मला मेलीला नंबर वाचता येतो का? हिरीपाशी व्हतं बघ, पोरसवदा झाड.”

त्यानं जुनी वही काढली. विहिरीजवळ, तरुण झाड, क्रमांक सतरा. गोडी चोवीस. अख्ख्या आमराईत सगळ्यात जास्त.

म्हणून तो आज आला होता, आणि आल्यापासून विहिरीभोवती तीन फेऱ्या मारून झाल्या होत्या. विहिरीजवळ तसलं झाडच नव्हतं.

“चला,” महाराज गुडघ्यावर हात टेकून उठले. वय ऐंशीच्या पुढं, पण पाठ सरळ. “आपण हिंडू. हात आहेत ना तुमच्याजवळ?”

दोघे आमराईत शिरले. जेठातलं ऊन झाडांखाली येईपर्यंत निवून जात होतं. वाळल्या पानांचा, चिकाचा, पडलेल्या पाडाचा तो वास आला आणि विश्वंभर पाऊलभर थांबला. इतकी वर्षं प्रयोगशाळेत आंब्याचाच वास घेतला, पण हा वास नव्हता तो.

“हे कोण?” एका बुंध्याशी महाराज थांबले.

विश्वंभरनं हात ठेवला. डोळे मिटले. साल खरखरीत होती, एवढंच कळलं.

“...नाही सांगता येत.”

“अहो, हे मेलो-मेलो.”

विश्वंभरला एकदम हसू फुटलं. मेलो-मेलो! ही नावंच तो विसरून गेला होता.

या मठाची ती रीतच होती. आमराईत कोय रुजली, झाड वाढलं, तरी फळ धरेपर्यंत त्याला नाव नाही. पहिल्यांदा फळ धरलं की पिकू द्यायचं. मठातल्या कुणी तोंड लावायचं नाही. पिकलं, की त्या दिवशी सकाळी फाटकातून जो पहिला माणूस आत येईल, त्याच्या हातात पहिला आंबा. त्यानं चावा घ्यायचा. आणि घास गिळायच्या आत त्याच्या तोंडून जे निघेल, ते त्या झाडाचं नाव. मग ते काहीही असो.

मेलो-मेलोला पहिला चावला तो गावचा कोतवाल. दात आंबून पार बसला बिचारा. पण त्या झाडाच्या कैऱ्यांवाचून आजही गावात लोणचं होत नाही. ‘घरी नेते’ म्हणाली ती एक नवी नवरी. ‘पुन्यांदा’ म्हणाला एक बैलवाला, तर त्याला पुन्यांदा मिळालं नाही, नियम म्हणजे नियम. आणि एक मास्तर होते, त्यांना रीत ठाऊक होती. ते घरूनच ‘अमृतफल’ असं नाव घोकून फाटकाशी पहाटे येऊन बसले. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! चावा घेतला, फळ निघालं पाणचट, आणि मास्तरांच्या तोंडून गेलं, ‘आँ?’ ते झाड अजून ‘आँ’च आहे. बायका आढी लावताना सहज विचारतात, “आँचे किती निघाले?”

विशीतल्या विश्वंभरला या नावांची लाज वाटली होती.

कृषी महाविद्यालयाच्या पहिल्या सुट्टीत तो आला, तो पत्र्याचे एकेचाळीस बिल्ले घेऊन. रंगानं घातलेले नंबर, भोक पाडलेलं, सोबत तारेचं भेंडोळं. चार दिवस खपून त्यानं प्रत्येक झाडाला बिल्ला बांधला. वाऱ्यानं हलू नये म्हणून तार पक्कडीनं पिळून घट्ट केली. वजन, रंग, रेषा, गोडी, सगळं वहीत उतरवलं. नावांचा रकाना केलाच नाही. ‘मेलो-मेलो’ कुणाला दाखवायचं? त्या वहीवरच त्याचा पहिला लेख झाला. लेखावर नोकरी, नोकरीवर पद.

“बिल्ले कुठं गेले, महाराज? एकही दिसत नाही.”

“काढले.”

“का?”

पुढच्या झाडाच्या बुंध्यावर महाराजांनी बोट फिरवलं. कंबरेएवढ्या उंचीवर सालीला आडवी वळी पडली होती, गळ्यात घट्ट गंडा बांधून पुढं अंग भरावं तशी.

“झाड वाढतं, डॉक्टर. तार वाढत नाही.”

विश्वंभर त्या वळीकडं बघत राहिला. एवढी साधी गोष्ट. आपल्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच तासाला सांगायचा, बांधायचं तर सैल बांधा. हे कळायला त्याला नोकरीची सहा वर्षं लागली होती. आणि कळल्यावरसुद्धा या आमराईत आपण काय करून आलो, हे कधी मनात आलं नाही.

“मी... लहान होतो तेव्हा.”

“हो तर. आणि मी मोठा होतो. मला दिसत होतं.” महाराज म्हणाले. “पोरानं बांधलंय, राहू दे, म्हटलं. दोन वर्षं राहू दिलं. मग पक्कड घेतली. चाळीस काढले.”

“एकेचाळीस होते.”

“चाळीस काढले.”

...

कुठंतरी एक पाड टप्पकन पडला.

दोघे ओट्याशी परत आले. महाराज खोलीत गेले. बराच वेळ आत खुडबुड चालली होती. बाहेर आले ते हात पाठीमागं धरून. विश्वंभरसमोर बसले आणि त्याच्या तळहातावर त्यांनी एक वस्तू ठेवली.

पत्र्याचा बिल्ला होता. त्याला तारेचं कडं होतं, वाटीच्या तोंडाएवढं, गोल, गंजून लाल झालेलं. पिळे तसेच घट्ट.

बिल्ल्यावर नंबर नव्हता. रंग पार पुसून गेला होता. पत्रा मात्र लखलखीत होता, घासलेल्या भांड्यासारखा.

“सतरा,” महाराज म्हणाले.

विश्वंभरला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यानं त्या कड्यात बोटं घातली. सगळी बोटं मावली, आणि थोडीच जागा उरली. एवढंच जाड होतं ते झाड तेव्हा.

“हा एक का नाही काढला, महाराज?”

“काढू दिला नाही.”

“कुणी?”

“अनसाबाईनं.”

...

“आमराईत आली की आधी त्या झाडाशी जायची. बायांना दाखवायची, हे माझ्या पोरानं लिव्हलंय. तिला वाचता येत नव्हतं. पदरानं पुसायची. रोज पुसायची.” महाराजांनी बिल्ल्यावर अंगठा फिरवला. “मी पक्कड घेऊन गेलो, तर झाडाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, सगळे काढा महाराज, येवढा ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकाच्या हातचा हाय.”

विश्वंभरनं बिल्ला मुठीत धरला.

“मी ऐकलं तिचं. ऐकायला नको होतं.” महाराजांचा आवाज पहिल्यांदा जड झाला. “चूक तिची नाही, तुमची थोडी, माझी जास्त. पाचव्या वर्षी तार सालीत गेली. सहाव्या वर्षी वळवाचं वारं सुटलं. त्या कड्यापाशीच मोडलं, काकडी मोडावी तसं. कडं मी खोडातून कोरून काढलं.”

“आईला...?”

“आईसमोरच मोडलं.”

“मला कधी बोलली नाही ती.”

“काय बोलणार? तुझ्या बिल्ल्यानं झाड मोडलं म्हणणार होती?”

विश्वंभरनं मान खाली घातली. ‘तुमच्या’चं ‘तुझ्या’ झालेलं त्याच्या ध्यानातही आलं नाही. हातातल्या बॅगेत लेबलांचं पाकीट होतं. सोनेरी काठ, वर आईचं नाव. ते त्यानं बाहेर काढलं, उघडलं, आणि तसंच मांडीवर ठेवून दिलं. पाच हजार लेबलं आणि एक मोडलेलं झाड. आईसाठी काहीतरी करायचं म्हणून निघाला होता, आणि निघालं हे. तिनं आयुष्यभर ज्याची आठवण काढली ते आपल्याच हातानं गेलं, आणि तिनं ते पोटात ठेवून आपल्या घरी सफरचंदं खाल्ली. त्याला भडभडून आलं. चोपन्न वर्षांचा माणूस, विभागाचा प्रमुख, ओट्यावर बसून पोरासारखा रडला.

महाराजांनी त्याला थांबवलं नाही. ते आढीतले आंबे हुंगत राहिले.

थोड्या वेळानं फाटक करकरलं. डोक्यावर पाटी घेऊन एक बाई आत आली. पन्नाशीची असेल. उतरवलेले आंबे आढीत लावायला तिनं आणले होते. परका माणूस बघून तिनं पदर सारखा केला, पाटी ओट्यावर टेकवली, वरचे आंबे चाचपले आणि त्यातला एक, चांगला भरलेला, कडेला लालसर, उचलून समाधीच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला.

ठेवता ठेवता, सवयीनं, दिवा लावताना शुभंकरोति पुटपुटावं तसं ती म्हणाली,

“इसूला ठेवा.”

विश्वंभरनं झटकन मान वर केली.

जगात एकच माणूस त्याला इसू म्हणायचं. बाकीच्यांना तो विश्वंभर, बंडू, ढगे, सर. इसू फक्त एका तोंडी. ते तोंड मिटलं त्या दिवसापासून ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

“बाई... कुणाला ठेवला तो आंबा?”

“इसूला.” बाईला प्रश्नच कळला नाही.

“इसू कोण?”

“काय की बापा!” ती हसली. “कुनाला ठावं? आसंल गावचंच लेकरू कुनाचं तरी, भाईर गेल्यालं. आमची सासू ठिवायची, म्हून मी ठिवते. गावात समदेच ठिवतेत. आंब्याची पाटी घरात आली, की पयला आंबा बाजूला. इसूला ठेवा. जे मानूस घरी नसंल, त्याच्या वाट्याचा.”

“आणि ते आलंच नाही तर?”

“येत न्हाई का मंग? कोन ना कोन येतंयच की. पोरगी म्हायेराला येती, पाव्हना येतो, जोगी येतो. जे येईल ते इसू.” एवढं बोलून ती पाटी उचलून आढीकडं गेली.

विश्वंभर नुसता महाराजांकडं बघत राहिला.

“झाडाचं नाव होतं ते,” महाराज म्हणाले. “सतराचं.”

विश्वंभरनं देवळीकडं पाहिलं.

“त्या वर्षी त्याला पहिल्यांदा फळ धरलं. नऊ आंबे. पिकले त्या सकाळी फाटकातून पहिली तुझी आई आली. मी आंबा हातात दिला. तिनं चावा घेतला. डोळे मिटले. आणि घास तोंडात तसाच धरून म्हणाली, इसूला ठेवा.” महाराज थांबले. “झालं. नाव पडलं. तू तिकडं पंधराव्या झाडाला तार पिळत होतास.”

“मला सांगितलं का नाही?”

“दुपारी त्या झाडाशी आलास, तेव्हा सांगायला लागलो. याचं आजच नाव पडलंय, म्हटलं. तू म्हणालास, नको महाराज, नावानं घोळ होतो.”

हो. म्हणाला होता. अगदी याच शब्दांत. विश्वंभरला स्वतःचा तो विशीतला आवाज ऐकू आला, आणि पाजळलेली अक्कलही आठवली.

आणि मग आणखी काही आठवलं.

“महाराज... आईनं खरंच ठेवला होता का एक? त्या दिवशी?”

“याच देवळीत. पुढंही दर वर्षी पहिला आंबा ठेवत गेली, तिचं बघून गावातल्या बायाही.”

वहीतलं पान त्याच्या डोळ्यांपुढं आलं. झाड क्रमांक सतरा, तपासलेली फळं आठ. सात पाटीतली. आठवं त्याला देवळीत मिळालं होतं. कुणी ठेवलं, कुणासाठी, हे त्यानं विचारलं नव्हतं. कापलं, गर वेगळा केला, कोय तोलली आणि रसाचे दोन थेंब गोडी मोजायच्या त्या नळकांड्यावर टाकले. चोवीस. तो आनंदानं ओरडत आमराईभर पळाला होता.

“तो मी कापला, महाराज. मोजायला. माझ्यासाठीच होता, आणि मी... चाखलासुद्धा नाही.”

“ठाऊक आहे. चोवीस, चोवीस म्हणून बोंबलत होतास. बरं, तुझ्या तोंडात घास नव्हता. नाहीतर झाडाचं नाव चोवीस पडलं असतं.”

रडता रडता विश्वंभरला हसू आलं. महाराजही हसले, दात नसलेल्या तोंडानं, मोकळं.

बाई आढीवर गवत पसरत होती, त्याची सळसळ तेवढी येत होती.

“लेबलं छापलीत मी,” विश्वंभर म्हणाला. “आईच्या नावाची. आता झाड नाही, तर ही कशाला लावू?”

महाराजांनी पाकिटातलं एक लेबल उचलून उन्हाला धरून पाहिलं.

“नाव राहावं तिचं, एवढंच होतं मनात.”

“तिनं नाव ठेवलं ते माझं... आणि मी ठेवला नंबर.” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. “झाड गेलं, बिल्ल्यावरचा आकडा गेला. आणि ही बाई, जिला मी कधी पाहिलं नाही, तिच्या तोंडात...”

उन्हं कलायला लागली होती. देवळीतल्या आंब्यावर एक माशी येऊन बसली आणि उडाली. विश्वंभर कितीतरी वेळ त्या आंब्याकडं बघत होता. काल-परवापर्यंत कुठल्याही आंब्याकडं बघितलं की त्याचं मन आधी वजन धरायचं, दोनशे, सव्वादोनशे. आता त्याला फक्त भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

तो उठला. देवळीपाशी गेला. हात पुढं केला.

महाराजांचा हात आधीच तिथं पोचला होता. सुरकुतलेला तळवा त्यांनी आंब्यावर उपडा ठेवला.

“हां हां, डॉक्टर. हा इसूचा आहे.” त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “आपण कोण?”

...

विश्वंभरचा हात तसाच अधांतरी राहिला. ओट्यावर पडलेल्या कार्डावर त्याची नजर गेली. विश्वंभर म्हणावं, तर ते तिथं लिहिलेलं होतं. ढगे म्हणावं, तर तेही होतं. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आढीपाशी बाईचे हात थांबले. ती वळून बघू लागली.

“मी...” त्याचा आवाज फाटला. “महाराज, मी इसू.”

महाराजांनी हात उचलला.

“खा मग. अन् कोय इथंच टाकून जा.”